लाइन मोकळी आहे

३ ऑक्टोबर, सोमवार

मॅकेन्झी म्हणते, नोंद ठेवा. कनेक्शन तुटलं की तारीख, वेळ आणि तेव्हा काय चाललं होतं ते लिहा. ठीक आहे बाई, ठेवते. तिला पाठवायची नोंद वेगळ्या कागदावर. ही वही माझी आहे आणि इथे मी तिला कार्टी म्हणणार, कारण ती कार्टीच आहे. सव्वीस वर्षांची, तिकडे ॲरिझोनाच्या उन्हात बसलेली, आणि सत्तावन्न वर्षांच्या मला सुपरवायझर म्हणून शिकवते.

काम काय, तर लोकांच्या घरचं वायफाय बंद पडलं की ते बोंबलत फोन करतात आणि तो फोन मी घेते. सकाळी आठ ते दुपारी चार, शिवणाच्या खोलीत दार लावून. दार लावायचा कंपनीचा नियमच आहे, गिऱ्हाइकाचं बोलणं घरातल्या दुसऱ्या कुणाच्या कानावर पडता कामा नये. फोन इंटरनेटवरूनच येतो. म्हणजे माझं कनेक्शन तुटलं की फोन तुटतो, आणि समोरच्याला वाटतं मी तोंडावर आपटला. तीन लेखी ताकिदी मिळाल्या की नोकरी गेली.

नोकरी गेली तर चाळीस मैलांवर हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात जायचं, दुसरं काम मिशिगनच्या या खाणगावात आहे कुठे. मग आई दिवसभर एकटी. चौऱ्याऐंशी वर्षांची. जूनमध्ये शेगडीवर फडकं पेटवून ठेवलं होतं तिनं. मग काउंटीचा सरकारी वृद्धाश्रम. ऐली मावशी तिथे गेली आणि सहा आठवड्यांत तिचा पालापाचोळा झाला. आईनं तेव्हाच माझ्याकडून शब्द घेतलाय, मला तिथे टाकू नकोस. मी दिलाय.

आज एकदा तुटलं. ११.२०. ओहायोतला एक माणूस तुझ्यासारख्या बिनडोक बाईला कामावर कोणी ठेवलं असं विचारत होता, तेवढ्यात गेलं. नोंदीच्या पहिल्याच दिवशी, नशीब बघा माझं.

बाकी काल रविवार छान गेला. आईची कानातली नवी यंत्रं आली आहेत, त्यांच्यासोबत काडेपेटीएवढी एक डबी मिळते. ती कॉम्प्युटरला जोडली की आवाज बिनतारी थेट आईच्या कानात. घरभर कुठेही बसली तरी. कॉम्प्युटरला आवाजाचं भोक एकच, त्यात माझा हेडफोन. मग मी दुतोंडी वायर आणली, एका तोंडाला हेडफोन, दुसऱ्याला आईची डबी. दर रविवारी चर्चची प्रार्थना लावून देता येईल. दुकानातला पोरगा म्हणाला होता, माणूस बोलवावा लागेल. माणूस कशाला, मी काय मेले आहे?

४ ऑक्टोबर, मंगळवार

दोनदा. ९.४० ला ओक्लाहोमाची बाई, मला मठ्ठ गाय म्हणाली, त्याआधी आणखी एक शब्द होता. २.१५ ला एक वकील. दोन्ही वेळा शिव्यांच्या ऐन भरात तुटलं. म्हणजे ते तक्रार करणार, आणि करणार म्हणजे करणारच.

दोन्ही वेळा धावत स्वयंपाकघरात गेले. राउटर तिथे ओट्यावर पावाच्या डब्याशेजारी आहे. दिवे लुकलुकत होते, म्हणजे नुकताच पुन्हा सुरू होत होता. आई टेबलाशी पझल जुळवत बसली होती. म्हणाली, "लाइन मोकळी आहे आता." हो हो, म्हटलं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

आठवड्यात सात वेळा. मी दिवसाला चाळीस लोकांची वायफाय दुरुस्त करते आणि माझंच मला जमेना. केबल बदलली. चॅनल बदलला. राउटर मायक्रोवेव्हपासून लांब सरकवला. जे जे लोकांना सांगते ते ते सगळं केलं. प्लग काढा, तीस सेकंद थांबा, परत लावा. हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा म्हणते की आईचंही पाठ झालंय. काल पझलचा तुकडा बसेना तेव्हा म्हणाली, तीस सेकंद थांबते.

संशय ट्रेम्बाथचा आहे. आमचं जोडघर, खाणकंपनीनं बांधलेलं, मधली भिंत एकच. पलीकडे क्लॅरेन्स ट्रेम्बाथ, वय अठ्ठ्याहत्तर, खडूस. मार्चमध्ये माझं बर्फ ढकलायचं फावडं नेलं आणि आता म्हणतो ते त्याचंच आहे. मी माझ्या वायफायचं नाव बदलून 'ट्रेम्बाथ फावडं दे' ठेवलंय. गल्लीत ज्याच्या ज्याच्या हातात फोन आहे त्याला दिसेल. दिसू दे.

८ ऑक्टोबर, शनिवार

त्याच्या वायफायचं नाव आजपासून 'फावडं माझं आहे' असं दिसतंय. निर्लज्ज मेला.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

लाइनवाल्या कंपनीचा माणूस आला. तासभर खुडबुड करून म्हणाला, लाइन उत्तम आहे, राउटरची वीज जातेय. कुणीतरी प्लग काढल्यासारखं दिसतंय. मी म्हटलं, घरात मी आणि माझी आई. मी खोलीत फोनवर असते आणि आईला बुटाची नाडी बांधवत नाही. त्यानं खांदे उडवले.

तो गेला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तळघर. तळघर दोघांचं सामाईक आहे आणि विजेच्या बटणांची पेटी तिथेच. ट्रेम्बाथ जिना उतरतो, माझ्या स्वयंपाकघराचं बटण पाडतो, तीस सेकंद थांबून परत वर करतो. फावड्यासाठी! माझी नोकरी घालवायला निघालाय म्हातारा.

पेटीला कुलूप लावलं.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

कुलूप असतानाही दोनदा तुटलं. त्याच्याकडे दुसरी किल्ली असणार किंवा तो सिग्नलमध्ये काहीतरी घालतोय, त्याला रेडिओचा नाद आहेच. मधल्या भिंतीला आतून स्वयंपाकाची चंदेरी फॉइल चिकटवली, वरपासून खालपर्यंत. आई बघत उभी राहिली. म्हणाली, नाताळ आला का?

संध्याकाळी ट्रेम्बाथ दार बडवायला आला, त्याच्या घर तापवायच्या भट्टीचं बटणही त्याच पेटीत आहे म्हणे. स्वेटर घाला, म्हटलं, आणि दार लावलं. मग सात वाजता कुलूप काढून आले. पारा सदतीस फॅरनहाइटवर आला होता, गोठायच्या बेतात, उगाच खुनाचा आळ नको.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

पहिली लेखी ताकीद आली. कार्टीनं शेवटी हसरा चेहरा टाकलाय.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवताना आई म्हणाली, "तो टोलेडोचा माणूस फार घाण बोलतो. तू त्याचं ऐकून का घेतेस?"

कुठला माणूस, मी विचारलं. कानात बोलतो तो, म्हणाली. दिवसभर कुणी ना कुणी ओरडत असतं कानात. बायकासुद्धा.

आज टोलेडोचा एक होता खरा. पण मी हेडफोन लावलेला, दार बंद. कॉम्प्युटरमधून बाहेर आवाजाचा टिपूस येत नाही, मी स्वतः तपासलंय. मीच मोठ्यानं बोलताना टोलेडो म्हटलं असेल, तेवढं तिनं उचललं आणि बाकीचं डोक्यात रचलं. ऐली मावशीचं असंच सुरू झालं होतं. भिंतीतून कोणीतरी बोलतंय म्हणायची.

जेवण तसंच टाकलं.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

आई आज पुन्हा तिच्या बोर्डाची गोष्ट सांगत बसली. लग्नाआधी आणि नंतर मिळून अकरा वर्षं ती गावच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. कानाला हेडफोन, समोर फोन जोडायच्या दोऱ्या, या भोकातली काढून त्या भोकात घालायची. मिसेस सुंडक्विस्ट म्हणून मुख्य बाई होती. तिचा नियम, कुणी मुलींशी घाण बोललं की दोरी काढायची. अर्धा मिनिट थांबायचं. मग परत जोडायची, तोपर्यंत माणूस ताळ्यावर आलेला असतो. एकदा खाणीच्या मॅनेजरचीसुद्धा काढली होती म्हणे. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली आहे. जुनं सगळं लख्ख आठवतं आणि कालचं आठवत नाही, हेच ते लक्षण. मी इंटरनेटवर वाचलंय.

आज तीनदा तुटलं.

३ नोव्हेंबर, गुरुवार

दुसरी ताकीद. आता एकच उरली.

डोकं फिरलं होतं, त्यात आई दारात येऊन उभी. मी फोनवर, मिशिगनचाच कुणीतरी, माझ्या आईवरून बोलत होता. मी म्हणत होते, हो सर, समजू शकते सर, माफ करा सर. आईनं दार ढकललं आणि ओरडली, "रोंडा, काढ त्याला." मी तिला हातानं हाकललं. झुरळ हाकलावं तसं. ती गेली आणि मिनिटाभरात कनेक्शन तुटलं.

त्यानंतर मी तिच्यावर इतकी ओरडले की घसा बसला. कामाच्या वेळी खोलीत पाऊल टाकायचं नाही, माझी नोकरी गेली तर तुला कुठे जावं लागेल ते माहीत आहे ना, असं म्हणाले. आश्रमाचं नावही घेतलं. घ्यायला नको होतं. ती ओट्याजवळ जाऊन पावाचा डबा पुसत राहिली.

१० नोव्हेंबर, गुरुवार

डॉ. लिंडग्रेनकडे गेलो. आईनं सगळं सरळ सांगितलं, तिला लाज नाही वाटली. कानात माणसं ओरडतात. कधी? सोमवार ते शुक्रवार, आठ ते चार. बारा वाजता अर्धा तास गप्प असतात. शनिवार-रविवार सुट्टी.

डॉक्टर हसू दाबत होते. मलाही हसू आलं, नाही म्हणत नाही. टेलिफोन कंपनीत काम केलेल्या बाईचे भासही हजेरीपटावर चालतात. मग आई म्हणाली, यंत्रं काढली की थांबतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, यंत्रं काढली की तिला माझंही ऐकू येत नाही, त्यात काय नवल. त्यांनी विचारलं, घरात कशाचा आवाज तिच्यापर्यंत पोचत असेल का? मी सांगितलं, शक्यच नाही. मी बिनतारी यंत्रांचंच काम करते, हे माझं रोजचं आहे.

त्यांनी लिहून घेतलं. गोळ्या दिल्या, सकाळी एक, रात्री एक. म्हणाले, आवाज वाढले तर पुढचा विचार करावा लागेल, एकटीनं घरी सांभाळणं अवघड होतं. म्हणजे आश्रम.

गाडीत आई म्हणाली, "तू तरी माझ्या बाजूनं बोलायचं होतंस." मी तुझ्याच बाजूनं आहे, म्हटलं.

१२ नोव्हेंबर, शनिवार

ट्रेम्बाथ दारात. या आठवड्यात तिसऱ्यांदा. म्हणाला, लेम्पीबद्दल, म्हणजे आईबद्दल, बोलायचंय. कुंपणापाशी आई त्याच्याशी गप्पा मारत असते, मला माहीत आहे. म्हणजे आता गावभर करणार, लेम्पी कांगासला भास होतात. मी म्हटलं, फावडं घेऊन या, मग बोलू. आणि दार त्याच्या नाकावर आपटलं. मनाला फार बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर, रविवार

त्याच्या वायफायचं नवं नाव: 'लेम्पी खरं बोलते'.

अंगाचा तिळपापड झाला. माझ्याशी भांडायचं तर माझ्याशी भांड ना, आजारी म्हातारीचं नाव गल्लीभर झळकवतोस? मी ताबडतोब माझं बदललं, 'चोंबडेपणा बंद करा'.

१४ नोव्हेंबर, सोमवार

हरणांची शिकार उद्यापासून. ट्रेम्बाथ दुपारी बंदूक, डबे, थर्मास आणि माझं फावडं गाडीत टाकून रानातल्या कॅम्पवर गेला. महिनाअखेरपर्यंत येणार नाही. अर्धं गाव ओस पडलंय.

आज एकदाही तुटलं नाही.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच दिवस. एकदाही नाही. एकदाही नाही! तो गेला आणि सगळं सुरळीत. आणखी काय पुरावा हवा? कार्टीला सविस्तर लिहून पाठवलं, तारखांसकट. तिचं उत्तर आलं, 'शाब्बास रोंडा'.

आईवर गोळ्यांचा गुण दिसतोय. शांत असते. खुर्चीत झोपते बराच वेळ. आवाज येतात का विचारलं तर म्हणते, येतात, पण लांबून. पझल उघडलं नाही या आठवड्यात.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. छोटी टर्की केली. आईला वेलचीचा पाव मळायचा होता, दरवर्षी तीच मळते. पण हात थरथरत होते, पीठ नुसतंच हातात धरून उभी राहिली. मीच मळला. दडस झाला. ती म्हणाली, छान आहे. तोंडाच्या कडेतून थोडी लाळ येते तिच्या, मी रुमाल ठेवलाय उशाशी.

पण ओरडाआरडा नाही, वाद नाही, आणि कनेक्शन दगडासारखं घट्ट. इतके दिवस देवाकडे हेच मागत होते.

२ डिसेंबर, शुक्रवार

ट्रेम्बाथ परतला, हरीण न मारता. मी धास्तावले होते, पण कनेक्शन आजही टिकलं. घाबरला असणार. शिकला धडा.

कंपनीनं महिन्यातल्या सर्वोत्तम कामाच्या यादीत माझं नाव तिसरं टाकलंय. दोन्ही ताकिदी मागे घेतल्या. म्हणजे आई घरी राहणार. मी दिलेला शब्द पाळला. संध्याकाळी तिला सांगितलं, तर तिनं विचारलं, बाहेर बर्फ आहे का? बाहेर दोन फूट बर्फ होतं.

७ डिसेंबर, बुधवार

नीट लिहिते.

दुपारी दोनच्या सुमारास आईनं डावं यंत्र काढून माझ्यापुढे ठेवलं, शिट्टी वाजते म्हणाली, आणि जाऊन झोपली. मी ते टेबलावर ठेवलं. फोन चालू होता. केंटकीचा माणूस, राउटर तिसऱ्यांदा बंद पडलेला, तोंडाला जे येईल ते बोलत होता. मी हो सर, हो सर करत होते. ऐकायचं तर होतंच, हात रिकामे होते. म्हणून हेडफोन उजव्या कानावर सरकवला आणि शिट्टी तपासायला आईचं यंत्र डाव्या कानाला लावलं.

उजव्या कानात केंटकीचा माणूस. डाव्या कानात केंटकीचा माणूस.

मला आधी कळलंच नाही. काढलं, परत लावलं. तो म्हणत होता, असल्या बाईला मरण का येत नाही. दोन्ही कानांत म्हणत होता. आईच्या यंत्रात जास्त स्पष्ट.

मी टेबलाखाली वाकले. दुतोंडी वायर. एका तोंडाला माझा हेडफोन, दुसऱ्याला आईची डबी, डबीवर हिरवा दिवा. दोन ऑक्टोबरला मी स्वतः जोडलेली. त्या रविवारनंतर एकदाही काढली नाही, काढायची असते हे डोक्यातच आलं नाही.

कनेक्शन तुटलं नाही. तो आणखी सहा मिनिटं बोलला. मी ऐकलं.

मग ही वही पहिल्या पानापासून वाचली. तीन तारखेपासून रोज, ज्यानं ज्यानं मला शिव्या दिल्या त्याच्याच वेळी आईनं प्लग काढलेला. अर्धा मिनिट. लाइन मोकळी आहे. ती मला सांगत होती. पहिल्या दिवसापासून, तोंडानं, सरळ शब्दांत. डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, शक्यच नाही. आणि गोळ्या सुरू झाल्यावर उठून प्लगापर्यंत जायची ताकदच राहिली नाही तिच्यात. जवळजवळ चार आठवडे ती खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. मी त्याला दगडासारखं घट्ट कनेक्शन म्हणत होते.



८ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरांना फोन केला. नर्स म्हणाली, निरोप ठेवा. मी म्हटलं, निरोप नाही, आत्ता. चूक माझी आहे हे पहिल्याच वाक्यात सांगितलं, कारण दुसऱ्या वाक्यात मी ते बोलले नसते, मला मी माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, अर्धी गोळी चार दिवस, मग बंद. कागदावर दुरुस्ती करतो. आवाज खरे होते, असं मी त्यांना शब्दशः लिहायला लावलं.

कंपनीला कळवणार नाही. घरातल्या माणसानं सव्वादोन महिने गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकलं म्हटल्यावर त्याच दिवशी काढतील. मग तिला कुठे ठेवू? डबी काढून कपाटात टाकली आहे.

ट्रेम्बाथच्या दारात गेले. अर्धं उघडलं त्यानं. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. तो म्हणाला, "तिनं मला एकेकाचं बोलणं सांगितलं, गावांच्या नावांसकट. असं डोक्यातून रचता येत नाही कुणाला. मी तीनदा आलो होतो, रोंडा." मी म्हटलं, चौथ्यांदा यायचं होतं. तो म्हणाला, तुझी जीभ जाळून टाकायला हवी, आणि या वेळी त्यानं दार लावलं. बरोबरच केलं. माफी मागायला गेले होते, ती तोंडातच राहिली.

१३ डिसेंबर, मंगळवार

गोळी बंद. आईचे डोळे उघडताहेत. आज स्वतःहून पझलचं खोकं काढलं.

चार वाजता कॉम्प्युटर बंद करून तिच्यासमोर बसले. कॉफी ओतली. डबी टेबलावर ठेवली, दुतोंडी वायर ठेवली, आणि कशाला काय जोडलं होतं ते दाखवलं. तिला वायरी आणि भोकं समजावून सांगावी लागत नाहीत. एका नजरेत कळलं तिला.

"म्हणजे ती माणसं खरी होती?"

"हो."

"सगळी?"

"सगळी."

तिनं वायर उचलून दोन्ही तोंडं बघितली. "आणि तू त्यांना सर म्हणत होतीस."

मी म्हटलं, आई, म्हणावं लागतं, तोंड वर करून बोललं तर काढून टाकतात, आमच्यात दोरी काढायची मुभा नाही. ती म्हणाली, मिसेस सुंडक्विस्ट नाही का तुमच्यात कुणी? नाही, म्हटलं. मग तिनं पझल पुढे ओढलं. मी माफी मागितली, तीन-चार वेळा. ती तुकडे लावत राहिली. कॉफी दोघींचीही गार झाली.

१७ डिसेंबर, शनिवार

आठवडा गेला. सोमवार ते शुक्रवार तिच्या कानात शांतता आणि माझ्या कानात तेच सगळं. बुधवारी एकानं मला पाऊण तास सोललं. मी सर म्हणत राहिले. स्वयंपाकघरातून आईच्या खुर्चीचा आवाज आला, उठल्याचा. प्लगापर्यंत जाईल असं वाटलं. गेली नाही. तिला ऐकू तर येत नव्हतं काही, माझं हो सर, हो सर सोडून. दाराबाहेर येऊन उभी राहिली असावी, खाली फटीत तिची सावली दिसत होती.

आज दुपारी सौना, म्हणजे आमची वाफेची खोली, तापवली. दर शनिवारची. गोळ्यांच्या दिवसांत तिला आत नेलं नव्हतं, तोल जायचा. आज स्वतः चालत आली. यंत्रं बाहेरच्या फळीवर टॉवेलात गुंडाळून ठेवली, आत ओलावा चालत नाही त्यांना. म्हणजे आत तिला ठार ऐकू येत नाही. वर्षानुवर्षं आम्ही तशाच बसतो, न बोलता.

आज ती बोलली. समोर तापलेल्या दगडांकडे बघत, सावकाश.

"गोळ्या सुरू झाल्यावर मला पटलं होतं, माझं डोकं गेलंय म्हणून. ऐलीसारखं. तुला खरं सांगू? बरं वाटलं होतं मला. म्हटलं, माझं डोकं गेलंय तर गेलंय. म्हणजे माझ्या मुलीला खरोखर कुणी असं बोलत नाहीये."

मी काहीतरी म्हणाले. काय ते आठवत नाही, आणि तिला ऐकूही गेलं नसणार. तिनं डावानं पाणी घेतलं आणि दगडांवर ओतलं. वाफ इतकी आली की मला तिचा चेहरा दिसेना.

सोमवारी आठ वाजता माझी पाळी आहे.